गाडी बंद करा, पण सांगून करा

कोल्हापुरातल्या बागा आणि बागांतल्या झुकझुकगाड्या ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या सर्व संबंधितांस,

स. न. वि. वि.

मी उद्यमनगरातला टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि हाताखाली एक पोरगा, एवढा माझा कारखाना. वय सदुसष्ट. आमच्या धंद्यात लिहिणं म्हणजे चलन नाहीतर कोटेशन, त्यामुळं पत्राचा सराव नाही. तरी हे तिसरं पत्र. आधीची दोन रीतसर लिहिली, टेबलावर नेऊन दिली, आवकचा शिक्का मारून पोच घेतली. पोच पाकिटात आहे, उत्तर आलेलं नाही. म्हणून आता हे उघड्यावर.

कुठल्या बागेची गाडी ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की त्या एका बागेचे लोक सोडून बाकी सगळे "ते आमच्यात येत नाही" म्हणून मोकळे होणार. ज्यांना मी भेटलो ते साहेब तसे भले. चहा मागवला, टेबलफॅन माझ्याकडं वळवला. गाडीचा विषय काढल्यावर मात्र म्हणाले, "प्रोसेसमध्ये आहे." हा शब्द आम्हीही वापरतो. आमच्यात प्रोसेसमध्ये आहे म्हणजे जॉब चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरलाय आणि टूल चालू आहे. तुमच्यात काय अर्थ होतो ते मला अजून उलगडलेलं नाही.

गाडी ओळखायला अवघड नाही. हिरवं इंजिन, त्याला पत्र्याचं धुराडं, मागं चार उघडे डबे, डब्यांत समोरासमोर फळ्यांची बाकं. इंजिन लांबून वाफेचं दिसतं, पण बॉनेट उचललं की आत एका जुन्या जीपचं डिझेल मशीन. धुराड्यातून धूर खरा येतो, कारण सायलेन्सरचा पाइप कुणीतरी वळवून वर काढलाय. ही आयडिया ज्या फिटरची असेल त्याला माझा सलाम. पुढं पितळी घंटा. ड्रायव्हर ती दर शनिवारी चिंच लावून घासायचा, रविवारी उन्हात डोळ्यावर यायची.

फेरी जेमतेम साडेचार मिनिटांची. स्टेशनातून सुटली की डाव्या अंगाला सिमेंटचा गवा. दाजीपूरच्या जंगलातला म्हणून केला असावा. त्याचं एक शिंग तुटलंय, आतली सळी बाहेर आलीय आणि त्या सळीवर कायम एक कावळा. मग बांबूचं बेट, मग बोगदा. बोगदा पन्हळी पत्र्याचा, आणि आतून त्या पन्हळी पत्र्यावर कुणा साइनबोर्ड पेंटरनं पन्हाळा रंगवलाय. शेजारी जोतिबाचा डोंगर, त्याला लागून पंचगंगेचा घाट, जणू तिन्ही एकाच गल्लीत. पत्र्याला नाळ्या असल्यामुळं गाडी पुढं जाईल तसा डोंगर हलल्यासारखा दिसतो. पेंटरनं ते ठरवून केलं की आपसूक झालं, देव जाणे. बोगद्यात शिरलं की पोरं बोंब मारतात. माझी दोन्ही मुलं मारायची. नात तर गव्यापाशीच सुरू व्हायची.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन गेलो होतो. ती तेव्हा पाच वर्षांची. एक फेरी झाली आणि ती उतरेना. "आजोबा, अजून एकदा." मागं रांग होती. मला साडेसहाला एका गिऱ्हाइकाचा जॉब द्यायचा होता. म्हटलं, चल, आता पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी गेलो तर स्टेशनच्या गेटला साखळी आणि साखळीला पाटी: "तांत्रिक कारणामुळे गाडी बंद आहे." खाली तारीख नाही, सही नाही. ती पाटी अजून तिथंच आहे. पावसानं "तांत्रिक"मधला "तां" तेवढा धुऊन गेलाय.

तर ती शेवटची फेरी होती. मला माहीत नव्हतं. रांगेतल्या कुणालाच नव्हतं. माहीत असतं तर मी त्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं असतं, उद्या या. रांगेत परत उभा राहिलो असतो. बोगद्यात मीही एकदा बोंब मारली असती, आजवर लाजेखातर राहिली ती.

गाडी बंद का केली, असं मी विचारत नाही. मशीन थकतं, माझीही एक लेथ थकलीय. पण बंद करायच्या आधी तुम्ही आठ दिवस पाटी का लावली नाही, एवढं मला कळत नाही.

आता एक लांबची गोष्ट सांगतो. "अमेरिकेत बघा कसं असतं" असलं त्यात काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिथं जेवढे पैसे नुसत्या पार्किंगला जातात तेवढ्यात आमच्यात दोघांचं मटणाचं ताट होतं, तांबडा-पांढरा रस्सा हवा तेवढा.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. २०१५ च्या डिसेंबरात आम्ही दोघं तिच्याकडं गेलो. ती म्हणाली, "पप्पा, डिझ्नीलँडला जायचं तर १० जानेवारीच्या आत जाऊ. ११ पासून तिथली रेल्वे बंद होणार आहे." मला धक्का इथंच बसला. बंद व्हायची तारीख, ती पण बंद व्हायच्या आधी, आणि त्या पार्काशी काडीचा संबंध नसलेल्या माझ्या मुलीला माहीत! त्यांनी ते आधीच जाहीर केलं होतं. पार्कात एक नवीन मोठा विभाग उभा करायचा होता, त्यासाठी नदीकाठचा रूळ उचलून अलीकडं घ्यायचा होता. गाडी नंतर परत येणार होती, हेही सांगितलेलं.

आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलो. ती गाडी १७ जुलै १९५५ ची, म्हणजे पार्क उघडलं त्या दिवसापासूनची. गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, तीन फुटी, ९१४ मिलिमीटर. इंजिनं खरी वाफेची. बॉयलर, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, सगळं खरं, आणि सगळं तेल पिऊन चकचकीत. बॉयलर पेटायचा बायोडिझेलवर, आणि ते बायोडिझेल करायचे पार्कातल्याच स्वयंपाकघरांत वापरून झालेल्या तळणाच्या तेलाचं. हे कळल्यावर बायको म्हणाली, "मग आपल्या वडेवाल्यांनी मिळून कोल्हापूर-मिरज पॅसेंजर चालवली असती की."

फेरी साधारण दोन किलोमीटरची, वाटेत चार स्टेशनं. एका बाजूला नदी, म्हणजे खोदून केलेली, पण त्यात मोठी आगबोट फिरते. काठाकाठानं गाडी वळत जाते. पुढं बोगद्यात ग्रँड कॅनियनचं चित्र, ३०६ फूट लांब, एकाच सलग कापडावर, १९५८ सालचं. त्याच्यापुढं पेंढा भरलेली हरणं उभी केलीत. चित्र झकास. पण खरं सांगू का, ते हलत नाही. आमचा पत्र्यावरचा पन्हाळा हलतो.

आमच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्यावर रेल्वेवाल्यांची पट्ट्यापट्ट्यांची टोपी. तीन फेऱ्या झाल्या तरी उतरले नाहीत. मी लेथवाला आहे असं मुलीनं सांगितल्यावर त्यांनी हात हातात घेऊन माझी बोटं बघितली आणि मग बोलायलाच लागले. लहानपणी आईबापांबरोबर ते ह्या गाडीत बसले होते. आता चार तास मोटार चालवून आले होते. मुलीनं विचारलं, गाडी तर परत येणार आहे ना? ते म्हणाले, "गाडी येईल. हे वळण येणार नाही." नदीच्या काठाचं वळण. त्यांना तेवढ्याचा निरोप घ्यायचा होता.

आणि खरंच आलं नाही. गाडी २९ जुलै २०१७ ला परत सुरू झाली, नवीन पूल, नवीन धबधबे, आणि एक वळण डावीकडचं. १९५५ पासून ती गाडी नुसती उजवीकडं वळत आली होती. मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला ते टोपीवाले आठवले. त्यांनी आपलं जुनं वळण पोटभर घेऊन ठेवलं होतं.

त्यांनीच मला तिथल्या एका इंजिनाची कुंडली सांगितली. ते पार्कासाठी बनवलेलं नव्हतंच. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात १८९४ साली झालेलं, आणि लुइझियानात ऊस ओढायचं. ऊस! मी मुलीला दोनदा विचारलं, नीट ऐकलंस ना. शेतातून साखर कारखान्यापर्यंत उसाच्या वाघिणी ओढायचं काम. १८९४ म्हणजे शाहू महाराज गादीवर आले ते साल. डिझ्नीवाल्यांनी ते जुनं इंजिन विकत घेतलं, उघडून नीट केलं आणि १९५८ पासून पोरांना फिरवायला लावलं. आमच्यात गळीत हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस जातो, टेपवर गाणी लावून. त्यातला एखादा ट्रॅक्टर सत्तर वर्षांनी पोरांच्या बागेत पाणी पिऊन चकचकीत उभा असेल, असं काही डोळ्यांपुढं येत नाही.

तो डिझ्नी मुळात कार्टूनवाला, पण त्याची एक गोष्ट ऐकून मला तो आमच्यातला वाटला. १९५० साली त्यानं घराच्या परसात एक-अष्टमांश मापाची वाफेची गाडी बसवली होती, आणि तिच्यासाठी स्वतःच्या स्टुडिओच्या मशीनशॉपमध्ये जाऊन काम शिकला. धुराडं वगैरे काही भाग त्यानं स्वतःच्या हातानं केले. मालक स्वतः मशीनवर उभा राहिला की कारागिराचा जीव कसा टांगणीला लागतो ते मला माहीत आहे, पण ते असो. १९५३ मध्ये त्या परसातल्या गाडीला अपघात झाला, एका लहान मुलीला वाफेनं भाजलं. त्यानं गाडी बंद केली. केलीच पाहिजे होती. तेव्हा सुरक्षिततेचं कारण असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. फक्त ते कारण पाटीवर लिहा. "तांत्रिक" हे कारण नव्हे, ते कारणाचं झाकण आहे.

आता जवळची गोष्ट.

कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. संस्थानची, मिरजेपर्यंत, मीटरगेज. १९७१ मध्ये ब्रॉडगेज झालं तेव्हा मी तेरा वर्षांचा. त्याच्या थोडं आधी एका रविवारी वडिलांनी मला आणि थोरल्या भावाला स्टेशनवर नेलं. कुठं जायचं नव्हतं, कुणाला आणायचं नव्हतं. रुकडीपर्यंतची तिकिटं काढली. वडील फौंड्रीत मोल्डर होते, आठवड्यात एकच सुट्टी, आणि ती त्यांनी ह्यात घालवली म्हणून आई चिडली होती. वळिवडे गेलं आणि पंचगंगेचा पूल आला तेव्हा म्हणाले, "हात बाहेर काढू नका. डोळं काढा. ही गाडी आता जायची." रुकडीला उतरलो, स्टेशनबाहेर भाजलेल्या शेंगा घेतल्या, टरफलं खिशात भरली कारण फलाटावर टाकली तर वडील रागावतील, आणि परतीच्या गाडीनं घरी आलो. तिकीट किती पडलं ते आठवत नाही. पूल येताना वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती, ते आठवतं. वाऱ्यानं उडेल म्हणूनही असेल.

पुढं कधी मिरजेला गेलो की वडील स्टेशनात थांबून पंढरपूरची छोटी गाडी दाखवायचे. अडीच फुटी, बार्शी लाइट रेल्वेवाली. ब्रॉडगेज आल्यावर मिरजेत काही वर्षं तिन्ही मापाचे रूळ होते, मोठा, मधला आणि लहान. पाना-पाना-पाना मांडून ठेवल्यासारखे. आता एकच माप उरलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ब्रॉडगेज झालं म्हणून मुंबईला एका गाडीनं जाता आलं. पण माझ्या वडिलांना ती बातमी आधी कळली होती, म्हणून माझ्याकडं रुकडी आहे. माझ्या नातीकडं तुमची पाटी आहे.

कुणी म्हणेल, शहरात रस्त्यांची ही दशा, पावसाळ्यात पंचगंगा कधी घरात येईल सांगता येत नाही, आणि ह्याला खेळण्यातली गाडी सुचतेय. बरोबर आहे. पण पुराचंच घ्या. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पाठ आहे. का? तर कुणीतरी पातळी मोजून ती लोकांना सांगत असतं. सांगितलं की माणूस सामान माळ्यावर टाकतो, म्हैस सोडून वर नेतो, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडं पोचवतो. म्हणजे वेळेवर सांगायची कला ह्या गावाला येते. ती बागेच्या फाटकात आल्यावर कुठं जाते?

आणि "आजकालच्या पोरांना मोबाईल पुरतो, गाडीत बसतं कोण" हे तर मला ऐकवूच नका. रविवारी संध्याकाळी ती रांग मी बघितलीय. आधी पोरं, मग आया, मग मी. पुण्यात पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ साली सुरू झाली, तिच्यात बसलेली पोरं पुढं स्वतःची नातवंडं घेऊन आली. माथेरानची दोन फुटी गाडी १९०७ ची. २००५ च्या पावसात तिचा रूळ वाहून गेला, २००७ मध्ये परत सुरू झाली, २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून थांबवली, त्यानंतरही थांबत-चालत राहिली आणि २०२२ मध्ये पुन्हा नेरळपासून वरपर्यंत जायला लागली. इतक्या वेळा थांबून लोक तिला विसरले नाहीत, कारण ती का थांबली हे दर वेळी कळत होतं.

आता गाडीबद्दल, कारण त्यात मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

गेल्या महिन्यात वॉचमननं ताडपत्री उचलून दाखवली. पहिल्यांदा दिसली ती माळ. ड्रायव्हर दर खंडेनवमीला इंजिनाला झेंडूची माळ घालून नारळ फोडायचा, जसं आम्ही लेथला करतो. बंद व्हायच्या आधीची शेवटची माळ हेडलाइटवर तशीच आहे. फुलं काळी पडून सुपारीएवढी झालीत, पण दोरा तुटलेला नाही. घंटा हिरवी पडलीय. ब्रेकच्या हँडलला हात पुसायचं फडकं बांधलेलं. मी नंतर ड्रायव्हरला गाठला, तो आता एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगला शिट्टी घेऊन उभा असतो. चौदा वर्षं गाडी चालवली, सगळी कंत्राटावर. विचारलं, ते फडकं तुझंच का? म्हणाला, "व्हय. दुसऱ्या दिवशी याचंच होतं की. म्हणून बांधून गेलो." दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरच सांगितलं, येऊ नको. ऑफिसातला शिपाई रिटायर झाला तरी शाल, श्रीफळ, दोन भाषणं आणि कांदेपोहे होतात. चौदा वर्षं तुमची पोरं सुखरूप फिरवून आणणाऱ्या माणसाला स्वतःचं फडकंसुद्धा सोडून घेता आलं नाही. हे लिहिताना मला राग येतोय, तो तसाच राहू दे, खोडत नाही.

बिघाड म्हणाल तर असा. इंजिनाच्या मागच्या एक्सलचे दोन्ही बुश, म्हणजे एक्सल ज्यात फिरतो त्या कड्या, खाल्लेत, त्यामुळं चाक डुलतं आणि वळणावर रुळाला घासतं. शाफ्ट सरळ आहे, मी सुतळी धरून बघितला. ब्रेकची लायनिंग संपलीय. रुळाचे जोड दोन ठिकाणी सुटलेत, फिशप्लेटा, म्हणजे जोडावरच्या पट्ट्या, आहेत पण बोल्ट गायब. बॅटरी अर्थातच मेलेली. बोगद्याच्या पुढं आठ-दहा स्लीपर कुजलेत, ते बदलावेच लागतील, तिथं मी खोटं बोलणार नाही. ही गाडी अजून दहा वर्षं रोज चालवायची म्हटली तर सगळा रूळ उचलून नवा घालावा लागेल आणि डब्यांच्या चॅसीही बघाव्या लागतील. तो खर्च करायचा की नाही ते तुम्ही ठरवा, तुमच्याकडं फायली आहेत. पण एका दिवसासाठी लागतं ते सगळं उद्यमनगरात दोन गल्ल्यांत मिळतं. ज्या गावानं ऑइल इंजिनं करून देशभर पाठवली, त्या गावात एक जीपचं मशीन चालू होत नाही असं कुणी म्हटलं तर मला बाहेर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तर मागणं असं. गाडी भंगारात काढायची असेल तर काढा. लिलावाची नोटीस लावायच्या आधी आम्हाला एक रविवार द्या. आठ दिवस आधी गेटवर पाटी लावा, तीच पाटी पुसून लिहिली तरी चालेल, तारीख आणि सही मात्र घाला. तिकीट होतं तेच ठेवा. गाडीवर ड्रायव्हर तोच पाहिजे, दुसरा नको, त्याचा त्या दिवसाचा रोज आम्ही वर्गणी काढून देऊ. उद्यमनगरातले आम्ही पाचजण आहोत, तिघं रिटायर आणि दोघं माझ्यासारखे न ऐकणारे. आदल्या रविवारी येऊन काम करू. पोरांना बसवायच्या आधी डब्यांत वाळूची पोती टाकून दिवसभर फेऱ्या मारू, माणूस चालतो त्या वेगानं. तुमचा इंजिनिअर उभा करा. त्यानं नको म्हटलं तर तिथंच थांबू, वाद घालणार नाही, मग निदान गाडी स्टेशनात उभी करून लोकांना नुसतं बसून फोटो काढू द्या. आणि शेवटची फेरी संध्याकाळी सहाला, रिकामी. तिच्यात फक्त ड्रायव्हर आणि त्याच्या घरची माणसं.

लिलावात मी येणार आहे. इंजिन परवडणार नाही, पण घंटेवर बोली लावीन.

नात आता सात वर्षांची झालीय. दर चार-आठ दिवसांनी विचारायची, हल्ली विचारत नाही. गवा बघायला मात्र नेते मला.

बुश मी करून ठेवलेत. गनमेटलचे, दोन नग, वर्कशॉपात डाव्या हाताच्या कपाटात ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेत. मापं ताडपत्रीखाली टॉर्च तोंडात धरून घेतली, म्हणून अर्धा एमएम मटेरियल जादा सोडलंय. बसवताना घासून घेईन. कधी घेऊन येऊ, तेवढं कळवा.

आपला,
उद्यमनगरातला एक टर्नर